जुन्या प्लेटिंग युनिटच्या जागेत क्रोमियम, कॅडमियम निघालंय, माती आणि बोअरचं पाणी खरंच साफ होतं का?

प्लॉटवाला_नवा

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, जरा मोठी होईल, सांभाळून घ्या.

आम्ही एक जागा घेतलीये, साधारण हजार चौरस मीटर. तिथे पूर्वी इलेक्ट्रोप्लेटिंगचं युनिट होतं, क्रोम आणि निकेल मुख्य, थोडं कॅडमियमचं कामही व्हायचं म्हणे. बंद पडून बरीच वर्षं झाली. शेड पाडली, खालची फरशी उखडली तर माती काही ठिकाणी पिवळट आणि काही ठिकाणी हिरवट दिसली, मग शंका आली म्हणून लॅबला दिली. रिपोर्ट असा आलाय:

माती (चार ठिकाणची एकत्र करून दिली होती): क्रोमियम १८४०, निकेल ३१०, कॅडमियम १४, शिसं ९५. सगळं मिलिग्रॅम प्रति किलो.

बोअरचं पाणी: क्रोमियम ०.६२, निकेल ०.०९, कॅडमियम ०.००४ मिलिग्रॅम प्रति लिटर. टीडीएस ५४०. पाणी दिसायला एकदम काचेसारखं स्वच्छ आहे, वास नाही चव नाही.

आता ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक जण म्हणाला सूर्यफूल आणि मोहरी लावा, दोन सीझनमधे झाडं सगळं विष ओढून घेतात. दुसरा म्हणाला दोन फूट माती काढून फेका आणि भराव टाका, विषय संपला. एक कन्सल्टंट भेटला तो म्हणतो मातीत चुना आणि फॉस्फेट मिसळून धातू आतच लॉक करून टाकू. पाण्यासाठी सगळे म्हणतात आरओ लावा. घरचे म्हणतात उकळून वापरू.

यातलं खरं काय आणि थापा काय?

थेंबथेंब

मी लॅबमधे पाण्याच्या आणि मातीच्याच टेस्ट करते म्हणून आधी रिपोर्टबद्दल बोलते, उपायांचं नंतर बघू.

तुमच्या रिपोर्टमधे सगळ्यात महत्त्वाचा आकडाच नाहीये. नुसतं टोटल क्रोमियम कळून फार काही कळत नाही. क्रोमियम दोन रूपांत सापडतं, ट्रायव्हॅलंट आणि हेक्झाव्हॅलंट. ट्रायव्हॅलंट मातीला चिकटून बसतं, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि विषारीपणाही त्या मानाने खूप कमी. हेक्झाव्हॅलंट म्हणजे क्रोमेट, ते पाण्यात मजेत विरघळतं, मातीच्या कणांवर ऋण भार आणि क्रोमेटवरही ऋण भार, त्यामुळे चिकणमाती त्याला धरून ठेवत नाही आणि ते पाण्याबरोबर सरळ खाली जातं. श्वासातून गेलं तर कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे. काही खडकांपासून बनलेल्या मातीत निसर्गतःच हजार-दोन हजार मिलिग्रॅम क्रोमियम असतं आणि त्याने कुणाला काही होत नाही, कारण ते जवळजवळ सगळं ट्रायव्हॅलंट. तुमच्याकडे मात्र प्लेटिंग होतं, माती पिवळी आहे आणि बोअरमधे ०.६२ आलंय, म्हणजे बरंचसं हेक्झाव्हॅलंटच असणार. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा टोटल क्रोमियमला ०.०५ आहे. तुम्ही तिच्या बारा पट आहात. कॅडमियमची ०.००३ आणि निकेलची ०.०७, तिथेही थोडे वरच. पाणी पिणं, स्वयंपाक, झाडांना घालणं, सगळं आजपासून बंद.

आता पुन्हा सॅम्पल घ्याल तेव्हा दोन बाटल्या घ्या. एका बाटलीत नायट्रिक अॅसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत, ती टोटल मेटल्ससाठी. हेक्झाव्हॅलंटच्या बाटलीत हे अॅसिड घालायचं नाही, घातलं तर वाटेतच काही क्रोमियम ट्रायव्हॅलंट होऊन जातं आणि रिपोर्ट छान येतो. असे छान रिपोर्ट मी पाहिलेत. टेस्ट स्वतः तशी साधी आहे, सॅम्पल आम्लधर्मी करून त्यात डायफेनिलकार्बाझाइड टाकलं की हेक्झाव्हॅलंट असेल तर पाणी डोळ्यांदेखत जांभळट गुलाबी होतं, मग ५४० नॅनोमीटरला वाचायचं. काचेसारखं स्वच्छ पाणी असं रंग बदलताना पाहिलं की घरच्यांना वेगळं काही समजवावं लागत नाही.

आणि चार ठिकाणची माती एकत्र का केलीत? तीन ठिकाणी काहीच नसेल आणि एका ठिकाणी सात हजार असेल तरी सरासरी १८४० च्या आसपास येईल. चौकटी आखून वेगवेगळी सॅम्पल घ्या, प्रत्येक ठिकाणी वरची, अर्ध्या मीटरवरची आणि एक मीटरवरची. आणि जिथे युनिटचा संबंधच नव्हता अशा लांबच्या जागेचं एक, तुलनेसाठी.

शेवटचं, आणि हे सगळ्यात घाईचं. फरशी होती तोवर त्या मातीवर छत्री होती. आता ती काढलीत, पाऊस आला की वरचं क्रोमेट थेट भूजलात उतरणार. जाड ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरा, कडेने पाणी वळवा, आणि वाऱ्याने धूळ उडू देऊ नका.

शुद्धजल_७

एवढं कशाला घाबरवता राव. चांगल्या कंपनीचा आरओ बसवा आणि टीडीएस मीटर घ्या. ५० च्या खाली आला की पाणी प्युअर. आम्ही तेच करतो, काही झालं नाही आजपर्यंत.

थेंबथेंब

@शुद्धजल_७ टीडीएस मीटरला धातू दिसत नाहीत हो. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. यांच्या पाण्यात ५४० मिलिग्रॅम क्षार आणि त्यात क्रोमियम ०.६२, म्हणजे हजारातला एक भाग. कॅडमियम तर ०.००४. तेवढं आलं काय नि गेलं काय, मीटरचा आकडा हलणारही नाही. ५० टीडीएसच्या पाण्यातही शिसं मर्यादेच्या कितीतरी वर असू शकतं आणि ८०० टीडीएसच्या पाण्यात धातू शून्य असू शकतात.

आरओने क्रोमेट, निकेल, कॅडमियम बरंच अडतं हे खरं आहे, मेंब्रेन चांगलं असेल तर. पण अडलेलं जातं कुठे? रिजेक्टच्या नळीतून बाहेर, आधीपेक्षा जास्त दाट होऊन. ती नळी मागच्या अंगणात सोडलीत तर तेच क्रोमियम परत त्याच जमिनीत. घरापुरतं पिण्याचं पाणी तात्पुरतं सोडवायला ठीक, बाहेरून पाणी आणता येत असेल तर त्याहून बरं.

उकळण्याचं तर विचारूच नका. वाफ होऊन पाणी उडतं, धातू भांड्यातच राहतो, म्हणजे उकळून दाट होतो. यूव्हीचा दिवा जंतूंसाठी, त्याचा धातूशी काही संबंध नाही.

ईटीपीवाला

माझं आयुष्य प्लेटिंगच्या सांडपाण्यात गेलंय, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट चालवतो, तर दोन शब्द.

प्लॉटवाले साहेब, आधी तिथला जुना शोषखड्डा शोधा. जुन्या युनिटमधे काय असायचं, बाथ म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाक्या एका रांगेत, प्रत्येक बाथच्या पुढे धुवायच्या टाक्या, जॉब म्हणजे प्लेटिंग करायचा भाग उचलून एका टाकीतून दुसरीत नेताना खाली ठिबकत जाणार, ते फरशीच्या उतारावरून नालीत आणि नाली बाहेर एखाद्या खड्ड्यात. ट्रीटमेंट वगैरे काही नाही. तुमची पिवळी माती कुठे कुठे आहे ते कागदावर काढा, ती एका रेषेत येते का बघा. येत असेल तर ती बाथची रांग, आणि त्या रेषेच्या उताराच्या टोकाला खड्डा किंवा गाडलेली टाकी असणार. हजार चौरस मीटरची माती बिघडलीये असं समजू नका, बहुतेक वेळा खरा माल एका कोपऱ्यात असतो आणि तेवढा उचलला की निम्म्याहून जास्त काम होतं.

आता पाण्यातून क्रोमियम कसं काढतात. हेक्झाव्हॅलंट असताना चुना कितीही टाका, खाली बसत नाही. आधी त्याला ट्रायव्हॅलंट करावं लागतं. अॅसिड टाकून पीएच अडीचच्या आसपास आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं-नारिंगी पाणी हिरवं पडतं. सेन्सर असेल तर ओआरपी, म्हणजे क्रिया पूर्ण झाली का ते दाखवणारा आकडा, बघतो, नसेल तर डोळे आहेतच. मग चुन्याने किंवा कॉस्टिकने पीएच साडेआठपर्यंत वर, की हिरवट गाळ धरायला लागतो आणि खाली बसतो. पण गंमत अशी की निकेल नीट बसायला पीएच दहाच्या जवळ लागतो आणि कॅडमियमला त्याहून जास्त, आणि तेवढा वर नेला की बसलेलं क्रोमियम थोडं परत विरघळायला लागतं. म्हणून मिक्स पाणी आलं की एका टाकीत कधीच जमत नाही, दोन टप्पे करावे लागतात, नाहीतर शेवटी सल्फाइडने बसवावं लागतं. आणि बाथमधे अमोनिया किंवा ईडीटीएसारखं धातूला विरघळलेलं ठेवणारं रसायन असेल तर धातू त्याला धरून बसतो, पीएच किती का असेना खाली यायला तयार नाही. म्हणून आम्ही रोज जार टेस्ट करतो, म्हणजे थोड्या पाण्यावर वेगवेगळे डोस टाकून बघतो, कालचा डोस आजच्या पाण्याला चालेल याची खात्री नसते.

जमिनीत अॅसिड ओतून हे करता येत नाही अर्थात. तिथे हिराकस कामाला येतो, फेरस सल्फेट. तो साध्या पीएचलाही क्रोमेटला रिड्यूस करतो, म्हणजे ट्रायव्हॅलंट करतो. हिशोबाने एक किलो हेक्झाव्हॅलंटला साधारण १६ किलो हिराकस लागतो, प्रत्यक्षात जास्तच, कारण हवेतला ऑक्सिजन आणि मातीतल्या बाकीच्या गोष्टी त्यातला बराच खाऊन टाकतात.

हिरवाई

सगळे केमिकलवरच बोलताय, झाडांना इतकं हलक्यात घेऊ नका. फायटोरेमेडिएशन, म्हणजे झाडांकडून माती साफ करून घेणं, थाप नाहीये. चायनीज ब्रेक फर्न म्हणजे टेरिस व्हिटाटा, ते आर्सेनिक ओढून पानात साठवतं हे २००१ मधे फ्लोरिडाच्या संशोधकांनी दाखवलं. नॉकिया सेरुलेसेन्स नावाचं छोटं रोप जस्त आणि कॅडमियम साठवतं. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, पिक्नान्ड्रा अॅक्युमिनाटा, त्याच्या खोडाला चीर दिली की निळा-हिरवा चीक येतो, वाळवल्यावर त्या चिकात वजनाच्या चौथाई भागापर्यंत निकेल असतं! चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तर तरंगत्या तराफ्यांवर सूर्यफुलं लावून किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम काढायचा प्रयोग झाला. स्वस्त, जमिनीला इजा नाही, दिसायला छान. मोहरी आणि सूर्यफूल लावायला काय हरकत आहे?

हिशोबी

हरकत काही नाही, फक्त आकडेमोड करून लावा. मी करून देतो, एक हेक्टर धरू म्हणजे सोपं जाईल.

वरचे २० सेंटीमीटर माती म्हणजे एका हेक्टरला साधारण २६०० टन. कॅडमियम १४ आहे, समजा २ पर्यंत आणायचंय, म्हणजे प्रत्येक किलोमागे १२ मिलिग्रॅम काढायचं. एकूण ३१ किलो कॅडमियम. आता वर सांगितलेलं ते नॉकिया, ते बुटकं रोप आहे, हेक्टरी ५ टन सुकं वजन मिळालं तरी खूप झालं. त्यात किलोला १०० मिलिग्रॅम कॅडमियम धरलं तर वर्षाला अर्धा किलो. म्हणजे साठ-बासष्ट वर्षं. काही जाती याहून बऱ्याच जास्त साठवतात, त्या मिळाल्या आणि जगल्या तर हे काही वर्षांवर येतं, मान्य. पण मोहरी-सूर्यफूल यांच्या जवळपासही नाहीत.

क्रोमियम बघा. १८४० गुणिले २६०० टन, ४.८ टन क्रोमियम. झाडात ते मुळातच अडकून बसतं, पानात चढतच नाही. उदार होऊन पानात १० मिलिग्रॅम धरा आणि हेक्टरी १० टन पीक धरा. वर्षाला १०० ग्रॅम. ४८ हजार वर्षं. दोन सीझन म्हणणाऱ्याला विचारा सीझन म्हणजे हिमयुगं का.

एके काळी ईडीटीए टाकून धातू सुटे करायचे म्हणजे झाड पटापट ओढेल अशी टूम निघाली होती. धातू सुटतात हो, पण झाड ओढतं त्याच्या कितीतरी जास्त पावसाबरोबर खाली जातात, आणि ईडीटीए मातीत लवकर मोडतही नाही. बोअरच्या शेजारी तर चुकूनही नको. वर पुन्हा कापलेल्या पाल्याचं काय करणार? गुरांनी खाल्ला तर कॅडमियम त्यांच्या मूत्रपिंडात. जाळला तर राखेत आणि धुरात.

हिरवाई

@हिशोबी गणित बरोबर आहे पण निम्मंच सांगितलंत. झाडांचं दुसरं काम आहे, धातू काढायचा नाही, जागेवर धरून ठेवायचा. उघडी जमीन असेल तर गवत लावायचं, जे धातू पानात चढवत नाही असं. मुळं माती बांधतात, धूळ उडत नाही, पाणी वाहून जात नाही, आणि झाड पाणी वर खेचतं म्हणून खाली झिरपणंही कमी होतं. खाणींच्या टेकाडांवर हेच करतात आणि ते चालतं. उथळ, मोठी, सौम्य दूषित जागा असेल तर झाडं. यांच्या खड्ड्यासाठी नाही, ते मीही म्हणत नाहीये.

प्लॉटवाला_नवा

बापरे, एवढं सगळं वाचून डोकं गरगरलं पण खूप धन्यवाद सगळ्यांना. ताडपत्री घातली आज. ईटीपीवाले दादा, तुम्ही म्हणालात तसं कागदावर काढलं तर पिवळे डाग खरंच एका रेषेत आहेत आणि टोकाला एक चौकोनी काँक्रीटचं झाकण निघालंय, वर माती होती त्यामुळे दिसलं नव्हतं. उघडलेलं नाही अजून.

मग कन्सल्टंटचं चुना अधिक फॉस्फेटचं काय? तो म्हणतो ही जगभर वापरलेली पद्धत आहे. आणि उताराला खाली शेत आहे, भात असतो, त्यांना काही सांगायला हवं का?

थेंबथेंब

पद्धत जगभर वापरलेली आहे, पण शिशासाठी. मातीत फॉस्फेट टाकलं की शिसं पायरोमॉर्फाइट नावाच्या खनिजात बांधलं जातं, ते इतकं कमी विरघळतं की पोटातही सहज सुटत नाही. पण तुमच्याकडे शिसं ९५ म्हणजे काळजीचं नाहीच. तुमचा प्रश्न क्रोमेट आहे आणि फॉस्फेट नेमकं उलटं करतं. मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडवर ज्या जागी थोडंफार क्रोमेट चिकटलेलं असतं त्याच जागा फॉस्फेट बळकावतं आणि क्रोमेटला हाकलून देतं. आर्सेनिक असतं तर त्याचंही तेच झालं असतं. चुन्याचंही तसंच. पीएच वाढला की कॅडमियम, निकेल, शिसं बसतात, आणि क्रोमेट सुटतं. म्हणजे तुमचा कन्सल्टंट ९५ च्या शिशाला पकडणार आणि १८४० वाल्याला सोडणार.

क्रम असा हवा: आधी रिडक्शन, हिराकस किंवा सल्फाइडवालं काही किंवा लोखंडाची बारीक पूड, सोबत शेणखत-कंपोस्टसारखं सेंद्रिय काही. हेक्झाव्हॅलंट संपलं हे टेस्ट करून खात्री झाली की मग चुना, निकेल-कॅडमियमसाठी. आणि त्यानंतर लीचिंग टेस्ट मागा, म्हणजे मातीतून किती धातू पाण्यात सुटतो त्याची. अमेरिकेच्या टीसीएलपी टेस्टमधे क्रोमियम ५ आणि कॅडमियम १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर सुटलं तर तो धोकादायक कचरा धरतात. कन्सल्टंटने "टोटल कमी झालं" असा रिपोर्ट दाखवला तर समजा बाहेरची माती मिसळून पातळ केलंय, कारण लॉक करून टोटल कमी होत नसतं, सुटायचं प्रमाण कमी होतं.

अजून एक, मातीत मँगनीजचे ऑक्साइड भरपूर असतील तर ट्रायव्हॅलंट हळूहळू परत हेक्झाव्हॅलंट होऊ शकतं. म्हणून एकदा केलं आणि विसरलो असं नाही, बोअरचं पाणी पुढची काही वर्षं तपासत राहायचं.

ईटीपीवाला

यांच्यासारखीच केस अमेरिकेत झालीये, म्हणून सांगतो. नॉर्थ कॅरोलिनात एलिझाबेथ सिटीला कोस्ट गार्डच्या तळावर क्रोम प्लेटिंगचं शॉप होतं, तीसेक वर्षं चालून १९८४ ला बंद झालं, आणि नंतर कळलं की फरशीखालची माती आणि भूजल हेक्झाव्हॅलंटने भरलंय. १९९६ मधे त्यांनी पाणी ज्या दिशेला वाहतं तिथे जमिनीत आडवी भिंत घातली, ४६ मीटर लांब, सात मीटरहून जास्त खोल आणि ६० सेंटीमीटर रुंद, आणि ती भिंत लोखंडाच्या कीसाची. पाणी स्वतःच तिच्यातून झिरपतं, लोखंड क्रोमेटला ट्रायव्हॅलंट करतं, ते तिथेच बसतं. पंप नाही, लाइट नाही, माणूस नाही. पलीकडच्या पाण्यात पुढची कित्येक वर्षं क्रोमियम मर्यादेच्या खालीच राहिलं. अर्थात पाणी कुठे वाहतं ते आधी माहीत पाहिजे, भिंत चुकीच्या बाजूला घातली तर सगळं लोखंड मातीत.

खाचर

भाताचं मी सांगतो, माझा विषय मातीचा आहे.

शेतवाल्यांना सांगा, नक्की सांगा, आणि त्यांच्या विहिरीचं पाणी आणि दाणे तपासून घ्या. कॅडमियम आणि भात ही जोडी जपानने भोगलेली आहे. जिंझू नदीच्या काठी, तोयामा प्रांतात, वरच्या कामिओका खाणीचं सांडपाणी नदीत, नदीचं पाणी भातात, भात पोटात. वयस्क बायकांची मूत्रपिंडं गेली, हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकताना मोडायची. १९६८ मधे सरकारने कॅडमियममुळे झालं असं मान्य केलं. शेतं साफ करायचं काम १९७९ ला सुरू होऊन २०१२ ला संपलं, ८६० हेक्टरच्या आसपास. आणि केलं काय, तर दूषित थर खाली गाडला, त्यावर घट्ट थर, त्यावर बाहेरून आणलेली चांगली माती. मुळं पोचणार नाहीत इतकं खाली ढकललं. कॅडमियम अजून तिथेच आहे.

यातली खोच शेतकऱ्याच्या कामाची आहे. शेतात पाणी भरून ठेवलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, सल्फेटचं सल्फाइड होतं आणि कॅडमियम सल्फाइड बनून बसतं, दाण्यात कमी जातं. लोंब्या येताना पाणी काढून टाकलं की ते परत सुटतं आणि नेमकं दाणा भरताना आत जातं. म्हणून जपानी शेतकऱ्यांना लोंब्या येण्याच्या आधी-नंतर तीन आठवडे पाणी भरून ठेवायला सांगतात. झकास, पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर उलटं, पाणी भरलं की लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटून दाण्यात चढतं. एकाला दाबलं की दुसरं वर येतं. तुमच्या रिपोर्टमधे आर्सेनिक तपासलेलंच नाही, ते करून घ्या आणि मग शेतवाल्यांना पाण्याचं सांगा.

हिशोबी

माती काढून फेकण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. दोन फूट गुणिले हजार चौरस मीटर म्हणजे ६०० घनमीटर, ८००-९०० टन माल. तो रस्त्याकडेला टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या अस्तर घातलेल्या भरावातच जातो आणि तिथे वजनावर पैसे लागतात. सगळं उचलण्यापेक्षा खड्डा आणि पिवळी रेष एवढंच उचला, बाकीचं रिडक्शन करून वर झाकण.

पण माती उचलणं कधीकधी एकमेव उपाय असतो हेही खरं. नायजेरियात झामफारा भागात २०१० मधे गावागावात शिसं असलेले सोन्याचे दगड घरातच दळत होते, शेकडो लहान मुलं शिशाने गेली. डॉक्टरांकडे रक्तातलं शिसं काढायचं औषध होतं, पण त्यांनी ठरवलं की ज्या घराची माती बदलली त्याच घरातल्या मुलाला औषध सुरू करायचं. कारण मूल परत त्याच अंगणात रांगणार असेल तर औषध देऊन उपयोग काय. आधी वरचा थर खरवडला, चांगली माती टाकली, मग इलाज.

प्लॉटवाला_नवा

शेतवाल्यांशी बोललो, त्यांनाही धक्का बसला, विहिरीचं सॅम्पल द्यायला तयार झालेत. हेक्झाव्हॅलंटची बाटली आणि आर्सेनिक दोन्ही उद्या लॅबला जाईल.

आता ते काँक्रीटचं झाकण. उद्या मजूर येणार आहेत, उघडून आतला गाळ काढून घ्यावा म्हणतो. आत पाणी असेल तर त्यात मेटाबायसल्फाइट आणि अॅसिड टाकून तुम्ही सांगितलेलं हिरवं करून बघू का?

ईटीपीवाला

नाही नाही नाही, थांबा!!

कॅडमियमचं प्लेटिंग म्हणालात ना तुम्ही. जुन्या काळी कॅडमियमचा बाथ सायनाइडचाच असायचा, जस्त आणि तांब्याचाही बरेचदा. त्या गाळात सायनाइड शिल्लक असेल आणि तुम्ही अॅसिड ओतलंत तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, बंद खड्ड्यात तोंड घालून बघणारा माणूस तिथेच कोसळेल आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. प्लांटमधे आम्ही क्रोमची आणि सायनाइडची लाइन वेगळी ठेवतो ती याचसाठी, एकात अॅसिड लागतं आणि दुसऱ्यात अॅसिड चालत नाही. सायनाइड आधी मोडावं लागतं, पीएच दहाच्या वर ठेवून हायपोक्लोराइटने, आणि ते संपलं हे तपासल्यावरच पुढचं.

मजूर उद्या नको. कुणीही आत उतरायचं नाही, गाळ कोरडा दिसला तरी नाही. ज्यांच्याकडे गॅस डिटेक्टर आणि मास्क आहे अशा घातक कचरा हाताळणाऱ्या लोकांना बोलवा, सॅम्पल त्यांनाच काढू दे, खड्ड्याचं सॅम्पल मातीच्या सॅम्पलमधे मिसळू नका, आणि लॅबच्या फॉर्मवर टोटल सायनाइड आणि पीएच लिहायला सांगा. सायनाइडची बाटली कॉस्टिक टाकून पीएच १२ ला न्यावी लागते, ताई सांगतीलच.

थेंबथेंब

हो, आणि गडद रंगाची बाटली, थंड ठेवून. क्रोमियमच्या नायट्रिकवाल्या बाटलीत तो गाळ टाकून आणू नका म्हणजे झालं.

प्लॉटवाला_नवा

मजुरांना फोन करून नको सांगितलं. झाकणावर वाळूच्या गोण्या ठेवल्यात आणि भोवती दोरी बांधलीये.